पुढं कोण चालायचं

प्रियदर्शनी : तीन महिने रोज चाललात, मावशी? खरं सांगा, मी रागावणार नाही.

शांतव्वा : रोज. दिवाळीत घर पावण्यांनी भरलंतं, तरी सोडलं न्हाय. इचार की ह्यास्नी.

गुरुपाद : व्हय म्याडम, नवरा म्हणून मी साक्षीला हाय. पहाटंचं उठायचं, रंकाळ्याची फेरी मारायची, मगच दुकान उघडायचं. तुमी व्यायाम शिकवणाऱ्या, तुमच्या शिकवण्यात चूक असंल. आमच्या चालण्यात न्हाय.

प्रियदर्शनी : असेलही. पण शुगर तेवढीच, वजन तेवढंच, हृदयाचा रिपोर्टही जिथल्या तिथं. एवढं चालल्यावर काहीतरी हलायला पाहिजे होतं.

शांतव्वा : त्या रिपोर्टात नेमकं काय हाय गं? डॉक्टर म्हणालं, हृदय कडक झालंय. ते काय पापड हाय व्हय कडक व्हायला?

प्रियदर्शनी : हृदय आवळून रक्त बाहेर टाकतं, ते काम तुमचं झकास चाललंय. पण आवळल्यावर त्याला सैल व्हावं लागतं, नवं रक्त भरून घ्यायला. शुगर आणि वजन दोन्ही वर्षानुवर्षं जास्त राहिलं की ते नीट सैल होत नाही. मग जिना चढताना धाप लागते.

शांतव्वा : म्हणजे काम करून न्हाय, इसावा घेता येईना म्हणून दमतंय. अय्य, मग ते माज्यावरच गेलंय की.

गुरुपाद : आणि चालल्यानं ते सैल हुतंय? माजं डोस्कं म्हणतंय, चालल्यानं आणखी दमायला पायजे.

प्रियदर्शनी : नेमानं आणि न थांबता चाललं तर हळूहळू त्याला सवय लागते. दम लागला पाहिजे, पण बेतानं. बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये.

शांतव्वा : मी देवाची वचनं म्हणते की. अख्खं वचन हुतंय, कुठं अडत न्हाय.

प्रियदर्शनी : चालता चालता?

शांतव्वा : चालताना न्हाय, थांबल्यावर.

प्रियदर्शनी : थांबता कशाला?

शांतव्वा : हे थांबत्यात म्हणून. ह्यांच्या वळखीचं उभं कोल्लापूर. जरा चाललं की कोण तरी भेटतंयच. ह्यांनी नमस्कार घालायचा, पोराबाळांचं इचारायचं, बिद्रीचा साखर कारखाना कवा सुरू हुतोय ते इचारायचं. मी आपली मागं उभी ऱ्हाऊन वचन म्हणते.

प्रियदर्शनी : मग तुम्ही पुढं का जात नाही?

शांतव्वा : मालक उभं असताना बायकूनं पुढं कसं जायाचं? लगीन झाल्यापास्नं मागनंच चालतीया. आमच्या संकेश्वराकडं तसंच असतंय.

गुरुपाद : भांड्यांचं दुकान हाय, म्याडम. गिऱ्हाइकाला वळख दावाय नको?

प्रियदर्शनी : सापडलं. फेरी तासाभराची झाली, पण हृदयाला काम लागलंच नाही. मावशी, आज दवाखान्यातल्या या ट्रेडमिलवर चाला. इथं कुणी भेटणार नाही.

(थोड्या वेळाने. ट्रेडमिल थांबलेली आहे.)

शांतव्वा : घाम बघ माजा. वचन तर अर्ध्यातच सुटलं.

प्रियदर्शनी : तेच पाहिजे होतं. छातीत दुखलं? चक्कर?

शांतव्वा : काय न्हाय. उलट बरं वाटतंय. असं केलं तर शांभवीचा जिना जमंल? लेक हाय माजी. हितंच राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट न्हाय. बाळाला घिऊन ती सासरी गेल्यापास्नं तिनं त्याला खाली आणायचं आणि मी रिक्षात बसून बघायचं. पुढल्या महिन्यात त्याचं जावळ हाय. मला माज्या पायानं वर जायाचंय.

प्रियदर्शनी : शब्द देत नाही. पण असं चाललात तर मजल्यामजल्यावर दम घेत जमेल, असं वाटतं. काका, आता तुम्ही चढा. दोघांचा वेग कळला की घरी सोपं जाईल.

गुरुपाद : मी? शुगर हिला हाय.

प्रियदर्शनी : तुमची तपासलीय?

गुरुपाद : तपासायची येळच आली न्हाय. तुमी चालू द्या, मी दुकान उघडतो.

शांतव्वा : थांबा वाईच. शुक्रवारी धुकं पडलंतं. रंकाळ्यावर चिटपाखरू न्हवतं, तरी तुमी कठड्याला हात टेकून उभं ऱ्हायलासा. कुणाला नमस्कार घालत हुता?

गुरुपाद : पाणी बघत हुतो.

शांतव्वा : धुक्यात?

प्रियदर्शनी : काका, बसा आधी. घाई नाही.

शांतव्वा : माज्याकडं बघून बोला.

गुरुपाद : छाती आवळतीया. वाईच चाललं की आवळती, उभं ऱ्हायलं की आपली आपण जाती. कोण भेटलं की बरं पडायचं. बोलत उभं ऱ्हाता यायचं, तुला कळायचं न्हाय.

शांतव्वा : कवापास्नं?

गुरुपाद : तुजं चालणं सुरू झाल्यापास्नं. त्याच्या आदी मी कुठं चालत हुतो? गल्ल्यावरनं उठलो तर शपथ. तुज्या मनात तो जिना हुता. म्हटलं, हिला एकटीला कशी सोडायची.

शांतव्वा : मला भ्या बी वाटतंय आणि तुमचा राग बी येतोय. मी मागं देवाचं म्हणत हुते, आणि तुमी पुढं छाती धरून उभं. मागनं मला तुमची पाठच दिसायची.

प्रियदर्शनी : काका, आज दुकान राहू दे. चालल्यावर छाती आवळते आणि थांबल्यावर जाते, हे आत्ताच दाखवायचं. डॉक्टर समोरच्याच खोलीत आहेत. ईसीजी होईल, शुगरही बघतील. ट्रेडमिलचं नावसुद्धा काढायचं नाही.

गुरुपाद : जावळ हूं दे की, म्याडम. तेवढं निभावलं की मग काय ते बघू.

शांतव्वा : जावळाला आजोबा नको व्हय? उठा. मी पुढं हुते.

गुरुपाद : तू पुढं?

शांतव्वा : व्हय. तुमी सावकाश या. आवळलं की हाक मारा, मी थांबते.