शकीलाआपांनी अडवलेले मीटर

रफीकभाई, मंडळी, आपल्या कँटीनमध्ये एवढी शांतता मी आज पहिल्यांदा ऐकतोय. मला बोलायला उभं केलंत, पण खरं सांगू? शकीलाआपांबद्दल बोलायचा हक्क सगळ्यात कमी माझा. त्यांच्याविरुद्ध तक्रार करणारा मीच.

नव्यांना माहीत नसेल. आपण जहाजांचे मीटर बनवतो. जहाजातून समुद्रात सोडायच्या पाण्यात तेल किती, हे मीटर सांगतो. जास्त असलं की पाणी जहाजातच अडतं. परदेशातल्या एका समुद्राकाठच्या देशांनी मिळून ठरवलं, आमच्या पाण्यात येणाऱ्या प्रत्येक जहाजावर असा मीटर हवा. त्याची ऑर्डर आपल्या महाळुंग्याच्या कारखान्याला आली. मी प्रॉडक्शनला, आपा टेस्टिंगला.

पहिला लॉट गेला. दुसऱ्यावर आपांनी सही नाकारली.

"शिंदे, पाणी तापलं की हा तेल कमी दाखवतो. जहाजाची इंजिनरूम थंड असते का?"

मी चिडलो. "आपा, समुद्र काय आपल्या चाकणला आहे?"

"चाकणला नाही म्हणून मीटरनं खोटं बोलायचं?"

मी तक्रार केली. त्यांना टेस्टिंगवरून काढून स्टोअरला बसवलं. त्या भांडल्या नाहीत. स्वतःचा रिपोर्ट त्या देशांच्या तपासनिसांना पाठवला, आणि पाठवल्याचं मला येऊन तोंडावर सांगितलं.

दोन देशांचे दोन अधिकारी आले. त्या देशांचं आपसात पटत नाही, असं आपण ऐकून होतो. आपांना स्टोअरमधून बोलावलं. पाणी तापवलं. मीटरनं स्वच्छ दाखवलं. आपांनी तेच पाणी काचेच्या भांड्यात काढून ठेवलं. थोड्या वेळानं वर तेलाचा तवंग. वाटलं, गेली ऑर्डर, गेल्या नोकऱ्या.

पण ते दोघं इथंच बसले, एकमेकांच्या जहाजांच्या याद्या जुळवत. ठरलं, की पहिल्या लॉटचा मीटर असलेलं जहाज ज्या बंदरात लागेल, तिथंच तो बदलायचा. जहाज कुणाच्याही देशाचं असो. आपल्याला दुरुस्तीला मुदत मिळाली. ऑर्डर राहिली. आपण राहिलो.

त्या संध्याकाळी मी पिंपळे सौदागरला त्यांच्या घरी गेलो. माफी पाठ केली होती. दारातच अडखळलो. आपा म्हणाल्या, "आधी आत तर या. अहो, शिंदेंना चहा टाका." रफीकभाई, तो चहा तुम्हीच टाकलात, आठवत असेल. माफी मी चहा पिता पिता मागितली.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये त्यांना त्या देशांकडून आलेला मेल वाचून दाखवला. शेवटच्या जहाजावरचाही मीटर बदलला होता.

"सगळे बदलले?"

"सगळे, आपा."

"नीट बघा."

मी पुन्हा वाचला. त्या हसल्या. म्हणाल्या, "सुटले बाई."

मंडळी, दुःख तर आहेच. पण कबूल करतो, मला हायसं वाटतंय. जाण्याआधी ही बातमी त्यांच्या कानावर पडली. आणि माझी माफी वेळेत पोचली. किती जणांची पोचते?

दोन मिनिटं मशिनं बंद ठेवली आहेत. उभे राहू या.

आपा, सलाम.