रिबूच्या डोक्यावरचे हात

आमचं गाव नवापूरकडचं, डोंगरातलं. आजोबांच्या वेळेपासून आम्ही ख्रिस्ती, त्यामुळे मला कळतं तेव्हापासून देव म्हणजे घरातलाच माणूस, जेवायच्या आधी त्याच्याशी बोलायचं, निजायच्या आधी बोलायचं, आणि पीक बुडालं तर बाप म्हणायचा, त्याची मर्जी. तेव्हा सोपं होतं हो ते म्हणणं.

लग्न झालं आणि मी सुरतला आले. रिबूचे पप्पा इच्छापोरला ठेकेदाराकडे कामाला, मी इथे कोसाडला घरीच साड्यांचे धागे कापते, गठ्ठा येतो, कापायचा, परत द्यायचा. पोर लवकर झालं नाही. खूप मागितलं देवाजवळ तेव्हा ही झाली, रिबेका, आम्ही रिबू म्हणतो. दोन वर्षांची होईपर्यंत सगळं चांगलं होतं, आई म्हणायची, पप्पा म्हणायची, खाली बकरी दिसली की बे करायची. मग काय सांगू तुम्हाला, एकेक शब्द गेला. आधी बकरी गेली, मग पप्पा गेले, शेवटी आई पण गेली. हाक मारली तर बघत नाही, डब्याचं झाकण फिरवत बसते, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून किंचाळते.

मग ज्याला तोंड आहे तो सांगायला लागला. शेजारच्या जशुबेन म्हणे मोबाइल आपवानोज नही, द्यायचाच नाही, अहो पण घरात फोन एकच, तो हिचे पप्पा कामावर नेतात. सासू म्हणे पोपटाचा उष्टा पेरू चार, आता सासू दर रविवारी चर्चला जाणारी बाई, तरी म्हणे चार, मी तोही चारला. चर्चच्या मंडळीतल्या बाया म्हणत तू लाडावून ठेवली, शास्त्रात छडी काय उगाच सांगितली आहे का. हिच्या पप्पांनी एकदा मारलं पण तिला. ती रडली नाही, नुसती त्यांच्या हाताकडे बघत राहिली. तेव्हापासून त्यांनी हात लावला नाही तिला, मारायला नाही आणि जवळ घ्यायलाही नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या ऑटिझम आहे. मी विचारलं किती दिवसांत उतरेल, तर म्हणाल्या, ताई, हा ताप नाही उतरायला, तुमचं मूल असंच आहे, तिच्याशी बोलत राहा, खेळत राहा, अशा मुलांना शिकवतात त्या केंद्रात आणा. घरी सांगितलं तर हिचे पप्पा म्हणाले, डॉक्टर आशा तोडतात, आपला देव तोडत नाही. मला पण तेच ऐकायचं होतं ना.

म्हणून कामरेजला आजाऱ्यांसाठी प्रार्थनेची सभा होती तिथे गेलो. बाहेरगावचे प्रचारक आलेले, मोठा मांडव, लाऊडस्पीकर. आमचा नंबर आला तसं ते म्हणाले मुकी आहे का, मी म्हटलं नाही साहेब, बोलायची. मग म्हणाले, कोणीतरी तोंड धरलंय हिचं, आत्मा आहे. आणि सगळ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले, पुरुषांचे हात, बायांचे हात, माझं लेकरू दिसेना, आणि सगळे मोठमोठ्याने प्रार्थना करायला लागले. ती किंचाळली. ते म्हणाले बघा, निघतोय. मी म्हटलं काही निघत नाही साहेब, तिला आवाज सोसत नाही, तो भोंगा बंद करा. कोण ऐकतंय? तिने स्वतःचं मनगट चावलं, रक्त आलं, तेव्हा मी लोकांचे हात ढकलले, तिला उचललं आणि चालायला लागले. मागून माईकवर ऐकू आलं, आईचा विश्वास कमी पडला. सगळ्या मांडवाने ऐकलं. हिचे पप्पा उठले नाहीत, तिथेच मान खाली घालून बसले. मी हायवेवर उन्हात उभी राहिले, पोर खांद्यावर, आणि वाट बघितली हो त्यांची. आले नाहीत. रिक्षा मिळाली तशी निघाले.

आता रविवारी ते एकटेच जातात. मला कोणी बोलवत नाही, मीही जात नाही. ते घरी आले की जेवतात, झोपतात. कधी मी म्हणते, काहीतरी बोला ना, तर म्हणतात, काय बोलू? केंद्रात नेते मी तिला, तिथल्या बाई म्हणतात सुधारणा आहे, चमचा धरते आता. पाचवं लागेल तिला आणि आम्ही चमच्याला सुधारणा म्हणतो. डॉक्टरबाईंना विचारलं परत बोलेल का, त्या म्हणाल्या सांगता येत नाही. मी म्हटलं तुम्हीच बऱ्या, सांगता येत नाही म्हणालात, बाकी सगळ्यांना सांगता येतं.

प्रार्थना सोडली नाही मी. पण आधी बोलले की पलीकडे कोणी आहे असं वाटायचं, आता नाही वाटत. माझ्यानंतर हिचं कोण, एवढंच विचारते, रोज तेच, आणि धागे कापते. विश्वास कमी पडला असेल तर देवाने माझ्यावर राग काढावा, तिच्यावर कशाला?

तुम्हाला लेकरं आहेत ना? देव त्यांना सुखात ठेवो. घरी गेलात की डोकं खातील बडबड करून. खाऊ द्या.