एका कढईची दोन दुकानं

(तळलेल्या चिकनचं पार्सलचं दुकान. काउंटरपाशी सासरे, आत कढईसमोर सून. दुपारचे तीन वाजून गेलेत.)

सून : किती जणांना परत पाठवलंत, भाऊ?

सासरे : तीन डिलिव्हरीवाल्या पोरांना. तिघेही एकच विचारत होते, कुरकुर कट्टा इथेच का. म्हटलं, बाबांनो, वरचा बोर्ड वाचता येतो ना? ‘भाऊंचं चिकन’ लिहिलंय. बावीस वर्षं तेच लिहिलंय.

सून : आणि मी आत तीन पार्सलं बांधून बसलेय, न्यायला कोणी का येईना म्हणून.

सासरे : त्या कट्ट्याची पार्सलं आपल्याकडे कशाला?

सून : कारण कुरकुर कट्टा आपलाच आहे.

सासरे : म्हणजे?

सून : म्हणजे हीच कढई, हेच चिकन आणि तळणारी मीच. फक्त अ‍ॅपवर नाव वेगळं. दोन महिने झाले, पार्सलं मागच्या दाराने जातात; आज ही पोरं चुकून पुढे आली. हल्ली खूप जण करतात. गिऱ्हाईक इथे येऊन बघतंय कुठे?

सासरे : आणि मला कोणी सांगायचं नाही. मी काय इथे खांब म्हणून उभा आहे?

सून : तुमचा मुलगा म्हणाला, मी सांगतो. मग रोज म्हणायचा, उद्या सांगतो.

सासरे : माझ्या नावात काय वाईट होतं?

सून : नावात काही नाही. त्याच्याखाली तुम्ही जे लिहून ठेवलंय, त्यात आहे. एका बाईंनी लिहिलं, चिकन गार आलं. तुम्ही उत्तर काय दिलंत?

सासरे : खरं तेच दिलं. दोन पावलं चालत यायचा कंटाळा, मग गारच मिळणार.

सून : आणि फ्राइजवर चीज का नाही, असं विचारणारा?

सासरे : त्याला म्हटलं, चीज हवं तर चीज खा, बटाट्याला का छळतोस. सगळ्यावर काहीतरी ओतून पाहिजे ह्या लोकांना. खाण्याआधी फोटो काढायचा, मग गार झालं म्हणून बोंब मारायची.

सून : अशी एकशेचाळीस उत्तरं आहेत, भाऊ. लोक ती वाचतात, हसतात, एकमेकांना पाठवतात आणि दुसरीकडून मागवतात. पाचपैकी दोन ताऱ्यांवर आलो आपण. तुम्हाला सांगून सांगून माझी जीभ झिजली, तेव्हा नवं नाव काढलं.

सासरे : तरीच. मला सोमवारीच वाटलं, ह्यात काहीतरी काळंबेरं आहे.

सून : सोमवारी काय झालं?

सासरे : घरी मागवून खाल्लं मी ते कट्ट्याचं. जो तो त्याचंच कौतुक करतोय, म्हटलं बघू तरी. पहिल्याच घासाला ओळखलं. माझा मसाला.

सून : म्हणजे तो एक तारा तुम्ही दिलात?

सासरे : मग काय पाच देऊ? वर अ‍ॅपच्या कंपनीकडे तक्रारही केली. मसाला चोरलाय, चौकशी करा म्हटलं.

सून : धन्य आहे तुमची. म्हणून आलं होय ते पत्र.

सासरे : कसलं पत्र?

सून : त्यांनी चौकशी केली, भाऊ. पत्ता एकच निघाला, पदार्थही तेच. आता म्हणतात, दोन्हीतलं एकच नाव ठेवा. कुठलं ते आज चारच्या आत कळवा, नाहीतर दोन्ही बंद.

सासरे : मग माझं ठेव.

सून : कट्ट्याला दिवसाला साठ ऑर्डरी येतात. तो बंद केला, तर पुढच्या महिन्यात हे शटरही ओढावं लागेल.

सासरे : म्हणजे माझं नाव पुसायचं. सोपं आहे तुम्हाला.

सून : सोपं असतं तर सकाळीच कळवलं असतं. सकाळपासून फोन हातात घेतेय आणि खाली ठेवतेय.

सासरे : अगं, पण आपली माणसं अगदीच तुटलेली नाहीत. तो एक जण नाही का, रोज एक वाजता न चुकता मागवतो? सहा तुकडे, जास्त तिखट. इतक्या दिवसांत एकदाही खाडा नाही. त्याला काय सांगशील?

सून : कोण, तो एक वाजताचा?

सासरे : हो, तोच.

सून : तो तुमचा मुलगा आहे, भाऊ. ऑफिसातून मागवतो.

सासरे : रोज?

सून : रोज. म्हणतो, भाऊंच्या नावाची ऑर्डर दिवसातून एकदा तरी वाजली पाहिजे.

सासरे : त्याला तर तिखट अजिबात सोसत नाही.

सून : म्हणूनच तसं मागवतो, तुम्हाला शंका येऊ नये म्हणून. स्वतः खात नाही, तिथल्या लोकांना वाटून टाकतो.

सासरे : किती वाजले?

सून : साडेतीन होत आले.

सासरे : कळव त्यांना, कट्टा ठेवतोय म्हणून. आणि त्याला म्हणावं, उद्यापासून घरचा डबा नेत जा.