शिळ्या पेशी चालत नाहीत

हॅलो?... हो, नागिसाच बोलतेय... अगं चिझुरू, हळू, हळू! कान गेला माझा... कोणी? तोगाशी सरांनी? स्वतः फोन केला?... हो... हो... अगं ऐक ना... हो, कळलं, आई रडली आनंदाने... अगं मिठाई कशाला? चेरीची? सगळ्या लॅबला?... कुठेयस तू आत्ता?

यामागाता स्टेशनवर! म्हणजे अजून गाडीत बसली नाहीस ना?... आणि ते मिसोच्या, सोयाबीन आंबवून करतात त्या चटणीच्या, कारखान्यातलं काम? आज कळवायचं होतं ना त्यांना?... नाही म्हणून सांगणार? थांब बाई, थांब! आधी माझं ऐक.

सर नोकरीचं बोलले का काही?... तसं नाही, नेमके शब्द काय होते?... 'तुझ्यावाचून आमचं अडलंय.' हं. खरंय. पण अडलंय ते तुझ्या रक्तावाचून, चिझू.

...हसू नकोस ना. चेष्टा नाही करत.

अगं, तुझं कंत्राट संपवून तुला घरी धाडलं ना, त्यानंतर आम्ही तोच प्रयोग परत लावला. पांढऱ्या पेशीच्या पडद्यातली ती साखर चिकटलेली चरबी काढून टाकायची... हो, आणि मग पेशी मऊ टोफूसारखी खाली बसते, आकारच धरत नाही. सरांच्या सिद्धांताचा अख्खा डोलारा त्याच्यावर... तेच तर सांगतेय! बसतच नाहीये! माझं रक्त काढलं, लॅबमधल्या इत्सुकीचं काढलं, सरांनी तर बायकोलाही आणलं धरून. चरबी काढली तरी पेशी ठणठणीत! पाय पसरून फिरतायत ऐटीत!

मग आधी कोणाच्या बसायच्या? दर वेळी बाही वर करून पहिली कोण यायची?... हं. तूच. 'माझी शीर पटकन सापडते' म्हणत.

...मला काय माहीत का ते! तुझ्यात काहीतरी वेगळं आहे... नाही ग, आजारच असेल असं नाही... म्हटलं ना मी सरांना! म्हटलं, काय वेगळं आहे ते आधी शोधू. तर म्हणाले, शोधायचंय कशाला, तिलाच बोलवा. पांढऱ्या पेशी शिळ्या चालत नाहीत म्हणून, नाहीतर बाटलीतूनच मागवलं असतं तुला!

नाही, तुझी खुर्ची नाही राहिली. तुझ्या टेबलावर मशीन ठेवलंय नवीन. खाट तेवढी घातलीय. सुई काढून ठेवलीय... मीच. सरांनी सांगितलं म्हणून ठेवली!

रडू नको ना... लोक बघत असतील... मिसोवाल्यांना फोन लाव. 'येते' म्हण. आत्ता लाव.

काय?... माझं? माझं सोड... पीएचडी ना... त्याच प्रयोगावर आहे, तुला माहितीये. नाही जमला तर... तर काय, नाही मिळणार... नाही नाही, मी 'ये' म्हणत नाहीये! तू विचारलंस म्हणून... कसला आवाज तो? गाडी लागली? कुठे चढतेयस? चिझू, उतर!... माझ्यासाठी तर मुळीच नको... उतर म्हणते ना! मिसोवाल्यांना आधी... हॅलो? हॅलो?

...

अं? हो सर. तिचाच फोन होता.

...हो. येतेय ती.