इन्फेक्शनचा वेगळा डॉक्टर असतो?

नाही, मला एक सांगा, इन्फेक्शनचा वेगळा डॉक्टर असतो हे तुम्हाला तरी माहीत होतं का? खरं सांगा हं, नुसत्या माना डोलवू नका! डोळ्यांचा असतो, दातांचा असतो, हाडांचा असतो, कान-नाक-घशाला तर तिघांत मिळून एक असतो... पण इन्फेक्शनचा? मी आपला चष्म्याच्या दुकानात काम करणारा माणूस, मला कुठून कळणार? आणि कळलं ते कुणामुळे? आमच्या ताईमुळे!

आता ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेची बस चालवते. तुम्हाला सांगतो, तिला हॉर्न वाजवावाच लागत नाही. खिडकीतून मान बाहेर काढून नुसतं "ए!" म्हणाली की पुढचा ट्रक आपोआप बाजूला. एवढा आवाज! तर या ताईला ताप यायला लागला. दुपार झाली की ताप, ताप उतरला की घाम, घाम सुकला की ही पुन्हा बसवर. मी म्हटलं, "ताई, डॉक्टर." ती म्हणाली, "ढब्बू, गप." ढब्बू म्हणजे मी. चाळिशी उलटली माझी, पण ते असो.

शेवटी गेली कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे. त्यांनी गोळ्या दिल्या. ताप गेला. गोळ्या संपल्या, ताप आला. दुसऱ्या गोळ्या दिल्या, गेला. संपल्या, आला! असं करता करता ताई निम्मी झाली आणि एक दिवस बसची पायरी चढताना दम लागून तिथंच खाली बसली. ताई! खाली बसली! वर मुलांना काय सांगते, "बुटाची लेस बांधतेय." पायात चप्पल होती हो!

मग मोठं हॉस्पिटल. हार्टच्या डॉक्टरांनी छातीवर ते थंडगार जेल लावून मशीन फिरवलं आणि सांगितलं, "हृदयाच्या झडपेला इन्फेक्शन झालंय. झडपेवर गाठ धरलीय आणि झडप गळतेय. जन्मापासूनच जरा वेगळी होती ती झडप, त्यामुळे तिथं जंतूंना चिकटायला सोपं गेलं." ताई म्हणाली, "गळतेय तर वॉशर बदला आणि मला सोडा." मग बाटल्या भरभरून रक्त काढलं, जंतू कुठला ते बघायला. आता जंतूंनी त्या बाटलीत वाढायचं की नाही? नाही वाढले! पुन्हा रक्त, पुन्हा काही नाही. हार्टचे डॉक्टर चष्मा काढून पुसायला लागले... फ्रेम चांगली होती, पण वाकडी बसली होती, मला राहवेना... तर ते म्हणाले, "इन्फेक्शनच्या डॉक्टरांना बोलावू."

आणि मी, तुम्हाला सांगतो, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं, "इन्फेक्शनचा वेगळा डॉक्टर असतो?"

"असतो," असं दारातून उत्तर आलं. बघतो तर एक ठेंगणीशी बाई! खांद्याला झोळी, पायात पळायचे बूट. स्टूल ओढलं, ताईच्या उशाशी बसली आणि प्रश्न सुरू! दात कधी दुखले? कच्चं दूध पिता? गुरांजवळ जाता? आधी कुठल्या गोळ्या घेतल्या? ताईचा पारा चढत चालला. "मी काय चोरी केलीय? ही हृदयाची तपासणी आहे की पोलीस चौकी?" बाई शांत. "मांजर आहे घरी?"

"नाही," ताई फटकन म्हणाली.

"मग हातावर हे ओरखडे?"

"गिअरबॉक्सचे."

आता मला सांगा, गिअरबॉक्सला नखं असतात? मी तोंड उघडलं मात्र, "अगं ताई, ती बस डेपोतली..." ताईनं असं बघितलं माझ्याकडे की माझं वाक्य जागच्या जागी मेलं! पण बाईंनी ते मेलेलं वाक्य उचललंच. "बस डेपोतली काय?" झालं! डेपोच्या शेडमध्ये एक मांजरी व्यायलेली, ताई तिला नि पिल्लांना रोज दूध घालते, पिल्लं हिच्या मांडीवर खेळतात, अंगावर पिसवा ही एवढ्या, सगळं बाहेर आलं. ताई उशीवरून उठूनच बसली. "मांजरांना नावं ठेवायची नाहीत! त्यांना डेपोतून हाकललं ना, तर मी इथली एक गोळी घेणार नाही. सांगून ठेवते!"

"हाकलायला कोण सांगतंय?" बाई म्हणाल्या. "पिसवांचं औषध करा. आणि नख लागलं की साबणानं हात धुवा. मला मांजरीशी देणंघेणं नाही, मला तो जंतू हवाय." मग आम्हाला समजावलं की मांजराच्या पिसवांतून येणारा एक जंतू असतो, तो नेहमीच्या बाटलीत वाढतच नाही, त्याच्यासाठी रक्ताची निराळी तपासणी लागते. ती केली. आणि निघाला की हो तोच!

मी फोनवरून घरी सांगितलं. बायको विचारते, "कुणी शोधलं?" मी म्हटलं, इन्फेक्शनच्या डॉक्टरांनी. ती म्हणते, "इन्फेक्शनचा वेगळा डॉक्टर असतो?" असतो, बाई, असतो!

औषधं बदलली. ताप उतरायला लागला आणि आमच्या ताईसाहेब पिशवी भरून पलंगावर तयार. "ताप नाही, तर मी इथं काय करतेय? माझी मुलं दुसऱ्याच्या बसमध्ये बसतायत!" बाई म्हणाल्या, "ताप गेला, झडप नाही सुधारली." ताई म्हणाली, "मी जाणार." बाई म्हणाल्या, "मी सोडणार नाही." मी दोघींच्या मध्ये उभा! मला तर वाटलं, आता या दोघी मिळून मलाच मारतील.

आणि त्या भांडणातच... म्हणजे ताई बोट रोखून "तुम्ही मला..." म्हणाली आणि थांबली. पुढचा शब्द येईना. ओठ हलतायत, आवाज नाही. हातातला पेला सुटला, पाणी सगळ्या चादरीवर. ट्रक बाजूला करणारी माझी ताई, तिला माझं नाव घेता येईना. "ढ... ढ..." एवढंच. हसू नका. मी तिचा हात धरला, तर तो हात मला धरत नव्हता हो.

बाईंनी नर्सला हाक मारली, स्वतः पलंग ढकलत ताईला स्कॅनला नेलं. परत येईपर्यंत ताईला शब्द फुटले होते. पहिला शब्द काय? "पिशवी कुठाय?" मेंदूत रक्तस्राव नव्हता. गाठीचा बारीकसा कण सुटून वर गेला होता, बाई म्हणाल्या. या वेळी थोडक्यात निभावलं.

मग कॉरिडॉरमध्ये जे झालं ते मी दाराआडून ऐकलं. ऐकणं वाईट, पण माझी बहीण आहे! झडप बदलायची म्हणून बोलावलेले सर्जन म्हणजे उंचेपुरे, आवाज जड. "आधी इन्फेक्शन पूर्ण जाऊ दे, मग ऑपरेशन. आता नवी झडप बसवली आणि तिलाही लागण झाली तर?" प्रश्न बरोबरच होता, मलाही पटला. पण या ठेंगण्या बाई मान वर करून म्हणतात, "आणि थांबलो नि पुढचा कण मोठा निघाला तर? जंतू कुठला ते माहीत आहे, औषध लागू पडतंय. तुम्ही झडप बसवा. जंतू मी बघते." सर्जन हार्टच्या डॉक्टरांकडे बघतात, हार्टचे डॉक्टर म्हणतात, "झडप जास्तच गळतेय, मलाही थांबू नये असं वाटतं." सर्जननी खिशातली डायरी काढून चाळली. मग म्हणाले, "ठीक. उद्या पहिलीच केस घेतो. पण त्यानंतरची औषधं तुमच्या हुकमानं." "माझ्याच," बाई म्हणाल्या.

राहता राहिली ताई. ती म्हणाली, "मी सही करणार नाही." मी काय करणार? बाई तिच्या उशाशी बसल्या. "ताई, तुम्ही भांडायला शब्द शोधत होतात ना, तेव्हा भीती वाटली?" ताईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तशीच म्हणाली, "मला याचं नाव घेता आलं नाही." आणि पेन मागितलं.

ऑपरेशन नीट झालं. काढलेल्या झडपेच्या तुकड्यातही तोच जंतू मिळाला. पुढं कितीतरी आठवडे औषधं, त्या औषधांनी बिघडू नये म्हणून मूत्रपिंडावर लक्ष, रक्ताच्या तपासण्या, आणि रोज त्या बाई, झोळी घेऊन! भेटायला येणारे विचारायचे, "ऑपरेशन कुणी केलं?" ताई म्हणायची, "ऑपरेशन त्या उंच डॉक्टरांनी केलं. पण कशाचं औषध करायचं, कधी कापायचं, यावर त्या बुटक्या बाई भांडल्या. आणि माझ्याशी भांडून जिंकणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं." मग पाहुणे, न चुकता, सगळेच्या सगळे: "इन्फेक्शनचा वेगळा डॉक्टर असतो?"

आता ताई पुन्हा बसवर आहे. ट्रक पुन्हा बाजूला व्हायला लागलेत. बाईंनी परवा सांगितलं, "तुम्ही बऱ्या झालात. आता हार्टच्या डॉक्टरांना दाखवत जा, दातांची काळजी घ्या, जंतू तिथूनही शिरतात, माझ्याकडे यायची गरज नाही." ताईनं काय ऐकलं असेल? "गरज नाही म्हणजे? मी येणार!" आणि जाते हो! दर महिन्याला जाते. बाई म्हणतात, "तुम्हाला काही झालेलं नाही." ही म्हणते, "मग ते नीट बघून सांगा." आत दोघींचा वाद रंगतो, आणि मी दुकानातून अर्धी रजा टाकून बाहेरच्या बाकावर. शेजारी कुणीतरी नवीन माणूस येऊन बसतो, पाटी वाचतो आणि मला कोपरानं ढोसतो, "अहो, इन्फेक्शनचा वेगळा डॉक्टर असतो?"

मी म्हणतो, "असतो. चांगला असतो. पण आत माझी बहीण बसलीय, तेव्हा तुम्ही आधी जेवून या."