डॉक्टर आत काय बोलला

माझा माहेर पेणच्या खाडीकडला, मिठागरातला, म्हंजे चालायला लागली तवापासून पाय खाऱ्या पान्यातच, आनि लगीन होऊन निडीला आली ती सुकी मच्छी इकायला लागली, रोज गाडीनं रोह्याला, डोक्यावर पाटी, बाजारात दिवसभर उकिडवी, बोंबील, सुकट, जवळा, सगळा इकला या हातांनी. माझी जागा पिंपळाखाली. काय सांगू तुमाला ताई, दुपारची पन सावली, आनि येस्टीतून उतरलेला मानूस पयला माझ्यापुढंच यायचा.

शेवंता माझ्या माहेरची, आमच्या आया एकाच मिठागरात राबल्या, तिला दिली रोह्यात. बाजारात ती माझ्या मागच्या अंगाला बसायची, गटाराजवळ, उन्हात. माझी पाटी तीच उतरायची, तिच्या पोरीच्या बाळंतपनात रात्रभर मीच बसली. लोक बोलतात भैनीवानी, मी बोलते भैनीपेक्षा जास्त, भैनी तर भांडतात.

तवा रोह्याच्या पुढं रेल्वेचा काम चालू होता. माझे गुडघे धरले, मंग कळ खुब्यापर्यंत जायला लागली, बसली की उठवत नाय. शेवंताच मला दवाखान्यात घेऊन गेली. हाडांचा फोटो काढताना पाय असे वाकवले की मी बाहेर बाकड्यावर आडवीच झाली. शेवंता बोलली तू पड गो, मी जाते आत फोटो घेऊन, डॉक्टर काय बोलतो तो ऐकते. बाहेर आली ती तोंड पाडून. बोलली हिरे, हाडं झिजली हायत, पाय हलवायचा नाय, खाटेवर पडून रहायचा, नायतर कायमची बसशील. मी रडायला लागली. तर बोलली रडते कशाला, तुझा गोनपाट मी रोज आंथरते. आमच्या बाजारात तशी रीतच हाय, आजारी बाईचा गोनपाट शेजारीन आंथरते, मंग त्या जागेवर कोन बसत नाय.

पडली मी. पावसाळा गेला, थंडी गेली, मी खाटेवर, सून पानी हातात देयाची. शेवंता यायची, अजून थोडा सोस बोलायची, माझे पाय दाबून जायची. पन पाय बरे व्हायचे सोडून त्यांचा लाकूड झाला, मांड्या सुकल्या, न्हानीत जायला भिंत धरायला लागायची.

शेवटी पोरगा बोलला, आये चल, परत दाखवू. तोच डॉक्टर. त्यानं मांडी चाचपली आनि बोलला, मावशी, झोपून का राहिलात, तुमच्या बहिणीला मी सगळं सांगितलं होतं, रोज चालायचं, खुर्चीवर बसून पाय सरळ उचलायचा, मांडीत ताकद असली की गुडघ्यावरचा भार कमी होतो, आणि जमिनीवर उकिडवं न बसता उंच स्टुलावर बसायचं, समजलं म्हणाल्या त्या.

मी पोराला बोलली, बाजारात ने. पिंपळाखाली शेवंता. माझा गोनपाट कुठं नाय. आनि ती लाकडी स्टुलावर बसलेली, ताई, उंच, पाय सरळ सोडून. मला बघितला आनि बोंबील निवडायला लागली. बाजारात माझ्या तोंडाला कोन लागत नाय, पन त्या दिवशी मी पोराचा हात धरला आनि तशीच मागं फिरली. मागितली असती ना, अर्धी जागा दिली असती, सावली काय माझ्या बापाची हाय. जागेचा दुख नाय येवढा. ती माझे पाय दाबायची आनि तिला सगळा ठाव होता, त्यानं माझा जीव जळतो, अजून जळतो.

आता चालते मी. निडीच्या स्टेशनापर्यंत जाते येते, खाटेच्या कडेला बसून पाय उचलते, पयला वीतभर पन उचलत नव्हता. तुमी पन करा, अशा मांडी घालून लिवत बसू नका, मधी मधी उठत जावा. स्टूल मी पन घेतला, आनि बसते कुठं, तर गटाराकडं, व्हय, तिच्याच जुन्या जागेवर. दोघींच्या मधी एक पाटी मावंल येवढीच वाट. ती मान वळवत नाय, मी हाक मारत नाय. लोक बोलतात सोडून दे हिरे. नाय सोडनार. पन तिचा वाईट नाय चिंतत मी, देवानं तिचे गुडघे धड ठेवावे, खुबे धड ठेवावे. त्या स्टुलावरनं उठून माझ्यापर्यंत तिलाच चालत यायचा हाय.