बुधवारचा भोंगा

— नाही गं, मान खाली. आणखी खाली. हां, अशी. तू बोललीस की मान हलते, आणि मान हलली की कात्री सरकते माझी. तर काय सांगत होते — मी तिला हाक मारली. एकदा नाही, तीनदा मारली. "आर्डिथ, ऊठ, तळघरात चल," म्हटलं. तर तुझी आई ड्रायरच्या टोपाखालून काय म्हणते, रोलर निघाल्याशिवाय मी हलायची नाही. हट्टी बाई, तुला काय सांगायचं — तुला माहीतच असेल. नाही, तुला कुठून माहीत असणार, तू शिकागोला. मे महिन्यात पुरलं तिला तेव्हा आलीस, चर्चमध्ये अर्धं सँडविच खाल्लंस, तेही उभ्यानं, आणि संध्याकाळच्या आत पसार. आता ऑक्टोबरात येऊन विचारतेस, "लाव्हॉन मावशी, आईचं शेवटी काय झालं?" विचार, विचार. मी काही लपवत नाही.

इथली हवा विसरलीस तू, म्हणून तुला कळत नाही. जानेवारीत नाकातले केस गोठतात, जुलैत मक्याच्या शेतातून अशी वाफ सुटते की मी सकाळी केलेले केस दुपारपर्यंत चपटे — आणि मधे हे एप्रिल-मे, सकाळी स्वेटर, दुपारी घामाच्या धारा, चारला गारा. नेब्रास्कात दुसरं बोलायचं तरी काय? माझ्या खुर्चीत बसलेली प्रत्येक बाई आधी हवेचं बोलते. बरं पडतं ते, खरं बोलावं लागत नाही. तर भोंगा, टोर्नेडो आला की तळघरात पळा म्हणून सांगणारा. महिन्याच्या पहिल्या बुधवारी सकाळी दहाला, अग्निशमनवाल्यांच्या मनोऱ्यावरचा, वाजवून बघतात — चालतोय की नाही. एक मिनिट. कुत्रीसुद्धा उठत नाहीत. आणि एक नियम आहे, आभाळ खराब असेल त्या बुधवारी चाचणी घ्यायची नाही, कारण मग खरा कुठला नि खोटा कुठला? शाळेतल्या पोरांना पाठ आहे हा नियम. आणि त्या दिवशी अख्खं गाव तो विसरलं बघ! दहाला वाजला, आणि पोस्टात म्हणाले, बुधवार आहे. धान्याच्या कोठारावर म्हणाले, बुधवार आहे. आर्डिथनं टोप वर करून मला विचारलं, "लाव्हॉन, खरा तर नाही ना गं?" मी म्हटलं, "अगं बुधवार आहे, बस."

हो. बस म्हटलं. ऊठ म्हटलं ते नंतर. नंतर गं! आधी मागच्या दारी गेले, दोरीवरचे टॉवेल काढायला, तर आभाळ हिरवं. शेवाळं असतं ना, तसलं हिरवं. वारा बंद, एक चिमणी नाही. आणि भोंगा थांबेना — एक मिनिट झालं, दोन झाली, अडीच. चौसष्ट वर्षं काढली मी या आभाळाखाली, मला कोणी शिकवायला नको. टॉवेल घेतले आणि गेले खाली. तळघराचं दार मागच्या दाराला लागूनच होतं. आता वरचं सगळं नवीन आहे, तेव्हाचं काहीच उरलं नाही, फक्त तळघर तेवढं जुनं.

केस कशासाठी सेट करत होती, माहीत आहे? तू येणार होतीस म्हणून. मदर्स डेला. फोन केला होतास ना? तीन वर्षं तू अशीच येणार होतीस, आणि तीन वर्षं मी तिचे केस सेट केले, आणि सोमवारी ती त्याच केसांनी किराणा दुकानात — "आमच्या रनेचं विमान रद्द झालं गं, तिकडे वादळ आहे." घरी जाऊन मी बघायचे तिकडची हवा. शिकागोत लख्ख ऊन! डोळे कशाला खाली करतेस, आरशात बघ. आपलं पाप हवेच्या माथी मारायची खोड तिला जुनीच होती. तुझ्या आधीपासूनची.

आधीपासूनची म्हणजे — ऐक. तू जन्मायच्या आधीचा जानेवारी. आर्डिथचा नवरा एमिल लिंकनला, भावाकडे. तुझ्या आईच्या विहिरीचा पंप गोठला म्हणून माझा नवरा डेलमार गेला बघायला, आणि मागून बर्फाचं वादळ आलं. तीन दिवस अडकला तिकडे. वादळ किती दिवसांचं? एका दिवसाचं! दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ उपसायचं यंत्र माझ्या खिडकीखालून तिच्याच घराच्या रस्त्यानं गेलं, चालवणाऱ्यानं हात केला मला. हा घरी आला तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला, म्हणतो, "रस्ता आत्ता मोकळा झाला बघ." मी काय केलं? सूप गरम केलं. आणि नंतर सदतीस वर्षं दर बुधवारी तिचं डोकं धुतलं या हातांनी. गावात केस करणारी मी एकटी, जाते कुठे? कोमट पाणी पुरे का, आर्डिथ? डोळ्यांत साबण गेला का, आर्डिथ? डेलमारला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी मी विचारतेच आहे, पाणी पुरे का.

हलू नकोस म्हटलं ना! मागे दोन भोवरे आहेत तुला. माहीत नव्हतं? आपल्याला आपलं दिसत नाही म्हणा. आर्डिथला एक होता. एमिललाही एकच, टक्कल पडायच्या आधी मीच कापायचे त्याचे. या काउंटीतली सगळी डोकी माझ्या हाताखालून गेलीत, पोरी, आणि दोन भोवऱ्यांचं डोकं मी एकच बघितलं. माझ्या शेजारी पालथं झोपायचं रोज. ऑक्टोबरातलाच ना तुझा वाढदिवस?

आता रडतेस. रड. मी बोलावलं नव्हतं, विचारायला तू आलीस. आईचं विचारायचं होतं ना, मग आईचंच ऐक. ड्रायरला सहा मिनिटं राहिली होती. मी जिन्यावर बसले होते, वरून दुसऱ्या पायरीवर, टॉवेल मांडीवर घेऊन. बाहेर तो भोंगा, आणि त्यातही मला घंटी ऐकू आली — वेळ संपली की टिंग करायचा तो ड्रायर. म्हणजे वेळ होता. म्हणजे — तसं नाही म्हणायचं मला. म्हणजे वीज गेली नव्हती अजून. मग तिची पावलं. खुर्चीपासून बेसिनपर्यंत, बेसिनपासून पुढच्या दारापर्यंत, परत. "लाव्हॉन," म्हणाली, "झालं गं माझं." मग जरा मोठ्यानं, "लाव्हॉन, कुठं आहेस?" ती घाबरली की आवाज बारीक व्हायचा तिचा, तसा झाला. दार माझ्या हाताशी होतं, नुसता हात वर करायचा होता. मग नुसतंच, "लाव्हॉन!"

काय? तीन हाका? हो, तीनच. लोक विचारतात तेव्हा काहीतरी सांगावं लागतं ना, म्हणून मी मारल्या म्हणून सांगते. मी नाही मारल्या. तिनं मारल्या.

असं बघू नकोस माझ्याकडे. कुणाला सांगशील? आणि काय सांगशील, कुणाची मुलगी म्हणून सांगशील?

ऊठ. एका बाजूला वाकडं राहिलंय, राहू दे. टॉवेल ठेव तिथं. केस ओले आहेत तर असू देत, बाहेर वारा आहे, वाळतील. जा.